साहेबांची जागा

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "गाडीत उलटी होते का?"

पुण्यात तोवर माझ्या बऱ्याच खोल्या बघून झाल्या होत्या आणि मालकिणींची प्रश्नपत्रिका पाठ झाली होती. गाव कुठलं, आडनाव काय, म्हणजे आपल्यात काय काय चालतं, रात्री किती वाजेपर्यंत येणार, मित्र येणार का, केस गळतात का, कारण मोरी तुंबते. उलटीचा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी खरं ते सांगितलं, घाटात थोडी होते म्हणून.

"मग कडेला बसायचं," बाई म्हणाल्या. "बूट आहेत का? चपला घालून चिखलात उतरायचं नाही. माणूस पुढे जातं, चप्पल मागे राहते, आणि मग तिच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतं."

मी आले होते खोली बघायला. त्यात हा चिखल कुठून आला ते मला कळेना. पण खोली स्वच्छ होती, खिडकीत शेवग्याचं झाड होतं आणि बाईंनी आडनाव विचारलं नव्हतं. मी तिथल्या तिथे हो म्हणाले. चिखलाचा उलगडा त्याच शनिवारी झाला.

तेव्हा मी लातूरहून नुकती आले होते आणि हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. कंपनीची बस कर्वेनगरच्या कोपऱ्यावरून उचलायची आणि सगळं पुणं आडवं कापून तिकडे नेऊन टाकायची. ते दिवस ज्याला त्याला अमेरिका लागण्याचे होते. डबा खाताना मुलं व्हिसाबद्दल बोलायची, आणि ज्यांना तो मिळाला नव्हता ती मिळालेल्यांबद्दल बोलायची. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सारख्या नव्याकोऱ्या गाड्या येत होत्या. गाडीला हार, चाकाखाली लिंबू, बिल्डिंगभर पेढे. त्या चकचकीत रांगेच्या शेवटी, भिंतीकडे तोंड करून बाईंची जीप उभी असे. दारांच्या जागी ताडपत्री, रंग कोणता ते सांगता येऊ नये असा, खाली गळणाऱ्या तेलासाठी ठेवलेली जुनी परात. तिच्या बाजूवर कधीकाळी सरकारी खात्याचं नाव होतं. त्यावरून रंगाचा हात फिरवला होता, पण ऊन तिरपं पडलं की अक्षरं वर यायची. ती बाईंनी मुद्दामच नीट पुसली नव्हती हे मला पुढे कळलं.

बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते चाललं नसतं. नावाला त्यांची हरकत नव्हती, नावामागून जो प्रश्न येतो त्याला होती. कुणी मधाळ आवाजात "आपलं आडनाव?" असं विचारलं, की बाई तितक्याच मधाळ आवाजात म्हणायच्या, "गाडीचा नंबर सांगू का? त्यावरून निदान जिल्हा कळतो." विचारणारा कसनुसा हसायचा आणि मग हॉलमधल्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून आपलं उत्तर आपणच काढून घ्यायचा. चहा अर्धा टाकून उठलेली माणसंही मी पाहिली आहेत. बाई त्यांच्यादेखत तो कप उचलायच्या आणि म्हणायच्या, "घाई आहे वाटतं. निघा, निघा." दार लावल्यावर यावर एक शब्दही बोलायच्या नाहीत. रागाने माझेच कान तापायचे.

लग्नाबद्दल विचारणाऱ्यांसाठी वेगळं उत्तर होतं. "वेळ नाही मिळाला. रस्ते वाईट होते."

तर शनिवार. आम्ही तिघी भाडेकरू मुली आणि बाई. गावात असताना बाई इस्त्रीच्या सुती साडीत असायच्या, पण जीपमध्ये चढताना पँट, वर ढगळ सदरा आणि पायात कॅनव्हासचे बूट. मागे जुना जाड तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, एक फावडं, जाड दोर आणि बुधवार पेठेतून तारा-बल्ब आणून बाईंनी स्वतः जोडलेला बॅटरीवरचा दिवा. पानशेतच्या मागे, वेल्ह्याच्या बाजूला, भोरच्या पलीकडे, जिथे डांबर संपायचं तिथून बाईंची सुट्टी सुरू व्हायची. डांबर संपलं की त्या खांदे सैल सोडायच्या आणि म्हणायच्या, "आला बाई रस्ता."

संध्याकाळी एखाद्या पठारावर तंबू ठोकायचा, खिचडी टाकायची, आणि बाईंच्या डब्यातली सुकटीची चटणी काढायची. ही चटणी घरी केली की बिल्डिंगमध्ये खिडक्या धाडधाड लागायच्या. पठारावर लागायला खिडक्या नसल्यामुळे ती दुप्पट चविष्ट लागे. मी घरून माळकरी. पहिल्यांदा नुसता वास घेतला, दुसऱ्यांदा बोट लावलं, नंतर डबा माझ्यापासून लांब ठेवायला लागायचा.

आता या भटकंतीतले दोन कायदे सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच घडलं.

पहिला कायदा होता, 'आधी पाय, मग चाक'. ओढा असो, चिखल असो, दगडांची चढण असो, बाई गाडी थांबवायच्या, उतरायच्या, हातात काठी घ्यायच्या आणि तो सगळा तुकडा चालून यायच्या. पाण्यात काठी टोचत, दगड पायाने हलवून बघत. आम्हालाही उतरवायच्या. माहितीचा ओढा असला तरी तेच. मी एकदा कुरकुरले, की अहो, मागच्या आठवड्यात तर इथूनच गेलो. त्यावर त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यातलं पाणी केव्हाच खाली गेलं. हे नवीन आहे, याची ओळख करून घ्या."

दुसरा कायदा चाकांचा. चारही चाकं ओढणारी गाडी म्हणजे ती सदासर्वदा चारही चाकं ओढते असं नाही. एरवी मागची दोन राबतात आणि पुढची दोन नुसती बरोबर चालतात. पुढच्यांना कामाला लावायचं तर आधी खाली उतरून दोन्ही पुढच्या चाकांच्या मधोमध असलेली एक-एक चकती हाताने फिरवावी लागते, मग आत बसून गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा. चकती न फिरवता नुसता दांडा ओढला, तर तो सरकतो, आवाजही येतो, बसलेल्याला वाटतं झालं काम, आणि पुढची चाकं मात्र रिकामीच राहतात. मेकॅनिक लोक त्या चकतीला हब म्हणतात. बाई तिला कान म्हणायच्या. "कान पिळले का दोन्ही?" असं विचारल्याशिवाय गाडी पाण्यात जात नसे. कान पिळल्याखेरीज पुढची चाकं अभ्यासाला बसत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पिळायचे ते त्यांनीच. आमच्यावर सोपवायच्या नाहीत.

आणि निघताना दर वेळी एक प्रश्न. किल्ली हातात फिरवत बाई विचारायच्या, "आज साहेब कोण?"

जीपमध्ये चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला जी एकुलती पुढची जागा असते ती साहेबांची जागा. तिथे आम्ही आळीपाळीने बसायचो. ज्या मुलीची पाळी तिला बाई दिवसभर 'साहेब' म्हणायच्या. "साहेब, उतरता का? दगड बघायचाय." "साहेब, कांदा चिरा." एकदा माझी आई लातूरहून आली होती. तिलाही बाईंनी साहेब केलं. आई नऊवारीचा काष्टा सावरत, समोरचा दांडा गच्च धरून बसली होती आणि गावाकडे परतल्यावर वर्षभर लोकांना सांगत होती, की पुण्यात मला साहेब म्हणतात.

ही साहेब भानगड काय, ते बाईंनी एकदाच सांगितलं. एका सकाळी, तोरण्याच्या पायथ्याशी, चहा उकळायची वाट बघताना. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही. स्टोव्हला पंप मारत मारत सांगितलं.

बाई शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनिअर झाल्या आणि सरकारी खात्यात कालव्यांच्या कामावर लागल्या. पहिल्या दिवशी जीप कामाच्या जागी निघाली. साहेब पुढे, दोघं मागे. मागे आणखी एक माणूस आरामात मावत होता. साहेबांनी त्या जागेवर आपली पिशवी ठेवायला लावली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला उन्हात येता? टेबलाचं काम बघा."

"मी म्हटलं, साहेब, कालवा टेबलावर नाही," बाई म्हणाल्या. "जीप गेली. मी चालत गेले. सगळा कालवा चालत बघितला. म्हणून तर पायाला सवय."

"नंतर तरी बसवलं का?" मी विचारलं.

"बसवायचे कधीमधी. मागे, मोजणीच्या साखळ्यांबरोबर. पाण्याचं मडकं मात्र माझ्यापासून लांब सरकवून." पंप मारणं थांबलं नाही. "पुढे मी स्वतः साहेब झाले. नियमाने जीप माझी. तर मी असेपर्यंत ती दुरुस्तीला. माझी बदली झाली की दुसऱ्या दिवशी चालू. गाडीलासुद्धा माणसं कळतात बघा."

मग कधीतरी खात्याने तीच जीप निकालात काढली आणि लिलावात ठेवली. बाई निवृत्त होऊन पुण्यात आल्या होत्या. त्यांना कुणाकडून तरी कळलं आणि त्या लिलावाला जाऊन उभ्या राहिल्या. बाकी सगळे भंगारवाले. त्यातल्या एकाने विचारलं, "मावशी, हिचं काय करणार?" बाई म्हणाल्या, "बसणार आहे."

त्यानंतर नदीपात्रातल्या रस्त्यावर, अठरा वर्षांच्या पोरांच्या स्कूटरींमधून, बाई त्या वयात गाडी शिकल्या.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "पण बाई, तुम्ही त्या साहेबांच्या जागेवर कधीच बसत नाही."

"चाक सोडून? वेड लागलंय का?" त्यांनी चहा गाळला. "चाक सुटेल त्या दिवशी बघू. सध्या तिथे तुम्ही बसा, ज्याला बसावंसं वाटेल तो बसू दे."

सोसायटीला या गाडीचं वावडं होतं. चेअरमनकाका बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने टापटीप. त्यांच्या चिरंजीवांनी परदेशातून येऊन एक टोलेजंग नवी गाडी घेतली होती. तीही चारही चाकांनी ओढणारी, आणि ती मॉलपलीकडे कुठे गेल्याचं ऐकिवात नव्हतं. तिला पार्किंगमध्ये वळायला जागा पुरेना. मग वार्षिक सभेत जीपचा विषय निघाला. मी मागे उभी राहून ऐकत होते.

"अहो, ही गाडी सोसायटीला शोभत नाही," काका म्हणाले.

"सोसायटी तिला शोभते का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"आपण या वयात हिला घेऊन जाता तरी कुठे?"

"जिथे सोसायटी नाही तिथे."

"निदान धुवा तरी. चिखल पडतो सगळीकडे."

"चिखल धुवायचा नसतो. वाळला की आपोआप गळतो. मग मी झाडून घेते. तुमच्या दारापुढचाही घेते, तो माझा नसला तरी."

सभा त्यापुढे जाऊ शकली नाही. पण काका हार मानणारे नव्हते. त्यांनी बाईंच्या धाकट्या भावाचा फोन नंबर कुठून तरी मिळवला आणि सोलापूरला फोन लावला. आपल्या भगिनींचं वय, रस्ते, जिवाला धोका, आम्हा शेजाऱ्यांना काळजी. काळजी या शब्दाला उत्तर देणं फार कठीण असतं, ते काकांना बरोबर ठाऊक होतं.

दिवाळी सरता सरता बापू आले. बाई त्यांना बापू म्हणायच्या, म्हणून आम्हीही. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, हळू बोलणारे, कडक इस्त्रीचे गृहस्थ. बाईंनीच त्यांना शिकवलं होतं. ते चांगले होते, हीच पंचाईत होती. वाईट माणसाशी कसं वागायचं ते बाईंना येत होतं.

"अक्का," ते जेवताना म्हणाले, "तू जिना चढतेस तेव्हा तुझे गुडघे मला वरच्या मजल्यावर ऐकू येतात. कुठे डोंगरात पडलीस तर कोण बघणार? या पोरी? किल्ली दे माझ्याकडे. आता बास झालं."

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. त्या कुणाला घाबरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या जेवणात पाहिलं. जीप गेली की शनिवार जाणार होते, पठारं जाणार होती, आणि उरणार होती ती तिसऱ्या मजल्यावरची, खिडक्या लावून घेणाऱ्या शेजाऱ्यांमधली एक म्हातारी. ते मला दिसत होतं, त्यांना तर दिसतच होतं.

"माझ्याबरोबर एकदा चल," शेवटी त्या म्हणाल्या. "मी चुकले तर किल्ली तुझी. तुला मागावीही लागणार नाही, मी देईन."

बापू हो म्हणाले. त्या शनिवारी बाकीच्या दोघी आपापल्या गावी होत्या. बापू साहेब झाले, मी मागे.

वेल्ह्यापुढे एक ओढा आडवा येतो. आमचा नेहमीचा. पाऊस सरून गेला होता, पाणी गुडघ्याएवढं, वरून स्वच्छ. बाईंनी गाडी थांबवली. मी सवयीने बुटांच्या नाड्या आवळल्या आणि उतरायला वाकले.

"बस," बाई म्हणाल्या. "ओळखीचा ओढा आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी दांडा ओढला आणि गाडी पाण्यात घातली.

मधोमध गेल्यावर मागची चाकं एकदम खाली बसली. कुणीतरी वाळू काढून नेली होती, तिथे खड्डा पडून गाळ साचला होता. बाईंनी जोर दिला. मागची चाकं गरगरली, गाळ उडाला, गाडी आणखी बसली. पुढची चाकं ढिम्म. मला एकदम आठवलं, की कान पिळलेले नाहीत. बाईंना माझ्या आधी आठवलं असणार, कारण त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला होता आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत होत्या.

पलीकडच्या काठावर एक म्हातारबुवा म्हशी घेऊन उभे होते. ते ओरडले, "बाई, न्हाय निगायची आता ती! बैलं आनू का?"

"थांबा जरा," बाई ओरडल्या. मग भावाकडे वळल्या. "बापू, मी चुकले. उतरून बघितलं नाही, कान पिळले नाहीत. उतरले नाही, कारण तुझ्यासमोर गुडघा धरून उतरावं लागलं असतं. तेवढं तुला दाखवायचं नव्हतं. किल्ली तुझी."

बापू वाकून खालच्या पाण्याकडे बघायला लागले.

"पण आत्ता नाही देणार. आधी बाहेर काढते. पाण्यात अडकलेली गाडी मी कुणाला देत नसते."

आणि त्या उतरल्या. मी मागून उडी मारली आणि त्यांना म्हणाले, "बाई, मी पिळते, तुम्ही बसा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी थांबले. गाडीची कड धरून, एक पाय, मग थांबून दुसरा. गुडघ्यांचा आवाज पाण्यातूनही आला असावा असं मला वाटलं. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून त्यांनी उजव्या चाकाची चकती चाचपली आणि पिळली. तोंड आवळलं होतं. मग बोनेटला धरून धरून त्या डाव्या बाजूला निघाल्या.

तिथे बापू आधीच उतरले होते. बूट-मोज्यांसकट, इस्त्रीच्या पँटसकट, पाण्यात वाकून चाकाशी झटत होते.

"अक्का, कुठल्या बाजूला पिळायचा?"

"घड्याळाचा काटा फिरतो तसा. जोर लाव. लहानपणी तुझा मी पिळायचे, तसा पीळ."

बापूंनी पिळला. चकती फिरली तेव्हा ते पाण्यात उभे राहून हसायलाच लागले. काठावरचे बुवाही हसले. मी बाईंना वर चढवायला हात पुढे केला. तो त्यांनी घेतला, आणि माझ्या हातावर सगळा भार टाकून वर चढल्या. दांडा ओढला. या खेपेला पुढच्या चाकांनी जमीन धरली, गाडी एकदा डचमळली आणि सरळ म्हशींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

बाईंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि बापूंपुढे धरली. बापूंनी ती घेतली. बुटांतलं पाणी ओतलं. मोजे पिळले. सावकाश, कॉलेजात शिकवताना घेत असतील तेवढा वेळ घेऊन.

"मला चालवता येत नाही, अक्का," ते म्हणाले. "घरी कोण नेणार?"

आणि किल्ली परत तिच्या जागी लावली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथून पुढे ही उतरेल. कान हीच पिळेल. कबूल असेल तर चालव."

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना? पाय तुझे, चाक माझं." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी पुसले नाहीत. मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या काळजीवाहू चेअरमन लोकांना त्या ओढ्यात आणून उभं करावंसं वाटलं.

परतल्यावर बापू गाळाने भरलेल्या त्याच पँटमध्ये चेअरमनकाकांच्या दारात गेले. मी जिन्यात होते. काकांनी मोठ्या आशेने विचारलं, "मग? काय ठरलं?"

"गाडी धुवायची नाही, असं अक्का म्हणते," बापू म्हणाले. "बाकी काही ठरलं नाही."

पुढे बरीच वर्षं माझे पाय आणि बाईंचं चाक असं चाललं. मी कंपन्या बदलल्या, परदेशी जाऊन आले, हडपसरलाच घर घेतलं. शेताडीवर काचेच्या इमारती उठल्या. डांबर डोंगरात आणखी आत शिरत गेलं, तसतशी बाईंची सुट्टी उशिरा सुरू व्हायला लागली. भाच्यांनी गुडघे बदलून घ्यायचा आग्रह केला, तेव्हा बाई म्हणाल्या, "गाडीचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात. माझ्या मॉडेलचे बंद झालेत."

मग एक दिवस त्यांचा फोन आला. क्लच दाबला जात नाही, एवढंच म्हणाल्या. मी शनिवारी गेले. बाई खाली पार्किंगमध्ये उभ्या होत्या. पँट, सदरा, बूट, हातात काठी. वरच्या गॅलरीतून चेअरमनकाका बघत होते. तेही आता वॉकर घेऊन उभे राहायचे. बाईंनी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, "परात बाजूला घे आणि काढ गाडी." किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी चाकामागे बसले. त्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांचंच नेहमीचं मी विचारलं.

"आज साहेब कोण?"

त्यांनी काठी मागे टाकली, समोरचा दांडा धरला आणि हळूहळू वर चढून बसल्या.

पानशेतपर्यंत जाता जाता त्यांनी समोरच्या पत्र्यावरून हात फिरवला, सीट दाबून बघितली, पाय लांब करून बघितले, ते लगेच अडले. डांबर संपलं तेव्हा मी वाट बघत होते, की म्हणतील 'आला बाई रस्ता'. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "एवढीच होय?"

"काय, बाई?"

"ही जागा. पायसुद्धा पसरत नाहीत इथे. समोर बोनेट, बाजूने धूळ." त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्यासाठी आयुष्यभर चालवलं होय रे मला! येडपटांनो!"

ओरडून म्हणाल्या. डोंगराला ऐकू जाईल असं.

पुढे एक लहानसा ओहोळ आला, घोट्याएवढ्या पाण्याचा. मी गाडी थांबवली आणि नाड्या आवळायला वाकले. मान वर केली तर बाई मागे हात घालून काठी शोधत होत्या.

"बाई, तुम्ही बसा ना. मी बघते."

"साहेब बसून राहायचे," बाई म्हणाल्या. "मी उतरते."

आणि एका हाताने गुडघा धरून, माझ्यादेखत, अगदी उघड धरून, त्या पाण्यात उतरल्या.